गेटवर पास लावला की कॅम्पसचा त्रास थांबेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मी काय समजून लिहितेय ते कळेल. विद्यापीठाच्या सुरक्षेची जबाबदारी तुमच्याकडे नव्यानं आली आहे. आवार मोठं, चार गेटं, आणि दिवसा आत कोणीही येऊ शकतं. तक्रारी वाढल्या आहेत. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर फोटोशूटवाले वाट अडवतात, कोणीतरी चालू तासाचं खिडकीतून शूटिंग केलं, हॉस्टेलच्या रस्त्यावर रात्री अनोळखी गाड्या थांबतात. दुसरीकडे एका माजी विद्यार्थ्याला गेटवर उद्धटपणे हटकलं म्हणून त्याचं दोन पानी पत्र आलंय. वरिष्ठ म्हणतात, सरसकट पास सुरू करा. विद्यार्थी संघटना म्हणते, आवार खुलंच हवं. आणि तुम्ही विचारताय, यातलं कुठलं धरू?

मला विचाराल तर दोन्ही बाजू गेटवर भांडतायत, पण तुमच्या यादीतल्या बहुतेक तक्रारींचा गेटशी फारसा संबंध नाही. ‘आत कोण आलं’ हा एक प्रश्न. ‘आत आल्यावर तो काय करतो, आणि चुकीचं करत असेल तर त्याच्याशी बोलायला कोण जातं’ हा दुसरा. पास फक्त पहिल्याचं उत्तर देतो. तुमचं दुखणं दुसरं आहे. फोटोशूटवाल्यांना पास दिलात तर ते पास गळ्यात घालून त्याच पायऱ्यांवर बसतील.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करते. आवारातून सार्वजनिक रस्ता जातो का, जमीन कोणाच्या मालकीची, एखाद्याला बाहेर काढण्याचा अधिकार तुमच्या कायद्यात नेमका कोणाला आहे, हॉस्टेल आवाराच्या मधोमध आहे की एका कडेला, पूर्वी एखादी गंभीर घटना घडलीय का. यातलं एक जरी बदललं तरी माझ्या उत्तराचा तपशील बदलेल. कायद्याचा भाग तुमच्या विधी विभागाकडून लेखी घ्या. माझी बावीस वर्षं या कामात गेली, त्यातली पहिली चार गेटवर शिफ्ट करण्यात. पुढचं सगळं त्या अनुभवावर बेतलेलं आहे.

सरसकट पासाचा हिशेब आधी कागदावर मांडा, तोच वरिष्ठांपुढे ठेवा. एकाचं कार्ड बघायचं, चेहरा जुळवायचा, ‘कुठे जायचंय’ विचारायचं, याला तीस सेकंद धरा. एका रांगेतून तासाला १२० माणसं झाली. पहिल्या तासाआधीच्या अर्ध्या तासात १,२०० जण येत असतील तर २० रांगा लागतील. तेवढ्या कोणाकडेच नसतात. मग पहिल्या दिवशी रांग रस्त्यावर जाते, तिसऱ्या दिवशी रक्षक गळ्यातली दोरी बघून हात हलवायला लागतो, आणि महिन्याभरात दोरी हाच पास होतो. दोरी काय, कुठेही मिळते. कार्ड टेकवून उघडणारी फाटकं लावली तर माणशी तीन सेकंद, म्हणजे अर्ध्या तासात एका फाटकातून ६०० जण. हे जमण्यासारखं आहे. पण ती सोय कार्डवाल्यांची झाली. पाहुणे शेवटी टेबलावरच येणार, आणि तुमचा प्रश्न तर पाहुण्यांचाच आहे.

माणसांचंही गणित असंच. एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरायची म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एक माणूस ४८ तास काम करतो असं धरलं तरी साडेतीन माणसं. सुट्ट्या, आजारपण, जेवणाची बदली धरली की पाच. चार गेटांना वीस, आणि तेही प्रत्येक गेटवर एकच माणूस उभा असताना. ही वीस माणसं गेटवर बांधून ठेवली की आत फिरायला कोण उरतं? मी दोनदा पाहिलंय. गेट कडक झालं, गस्त संपली आणि आतल्या तक्रारी वाढल्या.

गेटनं सगळं नियमानं करूनही कसं फसतं त्याचं एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका मुलीचा जुना मित्र तिच्याच वर्गातल्या एका मुलाचा पाहुणा म्हणून आला. नोंद झाली, ओळखपत्र पाहिलं, यजमानाची सही झाली, पास मिळाला. नंतर तो तिच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर दोन तास बसून होता. काही बोलला नाही, दाराला हात लावला नाही, फक्त बसून होता. ती आत अडकली. मागाहून कळलं की आठवड्यापूर्वीच तिनं विभागाच्या कार्यालयात सांगितलं होतं, हा माणूस माझा पाठलाग करतो. ते कागदावर उतरलं, फाइलमध्ये गेलं, आणि गेटपर्यंत पोचलंच नाही. आमच्या यंत्रात त्या दिवशी सगळं हिरवं होतं.

त्यानंतर आम्ही पास कडक केले नाहीत. विभाग, हॉस्टेलच्या रेक्टर आणि कंट्रोल रूम यांच्यात एक फोन नंबर ठरवला. कोणी भीती व्यक्त केली की त्याच दिवशी त्या नंबरवर कळवायचं. तिची संमती असेल तर त्या माणसाचं नाव आणि फोटो शिफ्टच्या प्रमुखाकडे जातो, भिंतीवर चिकटवला जात नाही. शिवाय पाहुण्याची जबाबदारी यजमानाची, हे वाक्य फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं, ते पुढे आणलं: पाहुणा कुठेही जाईल तिथे यजमान सोबत हवा.

अशा प्रसंगांत मला नेहमी आठवतं ते प्रकरण अमेरिकेतलं. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्या हॉस्टेलच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडलांनी पुढे केलेल्या पाठपुराव्यातून १९९० चा कायदा आला. तिथल्या विद्यापीठांना आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी लागते आणि धोका चालू असेल तर वेळेवर इशारा द्यावा लागतो, ते या कायद्यामुळे. कायद्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. आपल्या कामाच्या माणसानं मात्र दोन तपशील विसरू नयेत. मारेकरी बाहेरचा नव्हता, त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आणि वाटेतली आपोआप कुलूप लागणारी तीन दारं त्याला फोडावी लागली नाहीत. कोणीतरी सोयीसाठी त्यांत खोकी अडकवून ती उघडी ठेवली होती. गेटवर कितीही पहारा बसवला असता तरी त्या रात्री त्याला कोणी अडवलं नसतं. एका दाराला लागलेलं खोकं काढणारा माणूस हवा होता.

म्हणून माझा पैसा नेहमी आतल्या दारांवर जातो. आवार एकसंध समजू नका. वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ च्या सुमारास निवासी वसाहतींबद्दल एक मांडणी केली होती: जागा सार्वजनिक, अर्ध-सार्वजनिक, अर्ध-खासगी आणि खासगी अशा उतरंडीत असतात, आणि एकीतून दुसरीत आपण पाऊल टाकतोय हे माणसाला जाणवलं पाहिजे. कॅम्पसला ही उतरंड छान लागू पडते. रस्ते, हिरवळ, सभागृहाचा पुढचा भाग: या, बसा, फिरा. ग्रंथालय, उपाहारगृह, विभागांचे व्हरांडे: या, पण कामासाठी आणि वेळेत. वर्ग, कार्यालयं: कोणीतरी बोलावलेलं असावं. हॉस्टेल, प्रयोगशाळा, सर्व्हर रूम, लहान मुलं येतात ते पाळणाघर: कार्डाशिवाय नाही, अपवाद नाही. पहिल्या दोन थरांत मी शक्य तितकी मोकळीक ठेवते, शेवटच्या थरात अजिबात नाही. तुमच्याकडे नेमकं उलटं दिसतंय. गेटवर वाद आणि हॉस्टेलचं मागचं दार स्टुलानं उघडं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण जाऊन बघा. पैज लावत नाही, पण बघाच.

दारांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे खर्च कमी आणि गुण जास्त. दार आपोआप बंद करणारं वरचं यंत्र सैल झालं की दार दोन बोटं उघडं राहतं. एक स्क्रू फिरवून ते नीट होतं, पण ते बघायचं काम कोणाचंच नसतं. ते रात्रपाळीच्या गस्तीला द्या, रोज, दाराच्या नंबरासकट. दार ठरावीक वेळेपेक्षा जास्त उघडं राहिलं तर वाजणारी घंटा बसवा, पण ती वाजल्यावर दोन मिनिटांत कोणी जाणार असेल तरच. नाहीतर आठवड्यात लोक ती कापडात गुंडाळतात. आणि मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवणं हा चांगुलपणा आहे, तो मुलांना सोडायला लावू नका. ‘तुमचं कार्ड टेकवा ना, मी धरतो दार’ एवढं म्हणायला शिकवा. एक मात्र कधीही करू नका. चोरवाट बंद करायची म्हणून आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दाराला साखळी घालू नका. ते दार आतून किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे. बाहेरून बंद, आतून मोकळं, आणि उघडलं की घंटा.

आता वागणुकीचे नियम. बहुतेक विद्यापीठांच्या फलकावर लिहिलेलं असतं, ‘विनापरवाना प्रवेश निषिद्ध’, ‘गैरवर्तन खपवून घेतलं जाणार नाही’. यातून रक्षकाला काहीच हाती लागत नाही. गैरवर्तन म्हणजे काय ते तोच ठरवणार, आणि मग तो माणसाकडे बघून ठरवतो. नियम क्रियापदात लिहा. पायऱ्यांवर वाट अडवू नका. वर्गाच्या खिडकीतून चित्रीकरण करू नका. रात्री दहानंतर हॉस्टेलच्या रस्त्यावर वाहन थांबवू नका. ड्रोन उडवण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. हे नियम कुलगुरूंच्या मुलालाही लागू होतात आणि फाटक्या चपलेतल्या माणसालाही.

माझ्या रजिस्टरमध्ये ‘संशयास्पद’ हा शब्द लिहायला बंदी आहे. नवीन पोरं हमखास लिहितात: ‘एक अनोळखी इसम संशयास्पदरीत्या फिरत होता.’ मी बोलावून विचारते, फिरत होता म्हणजे नक्की काय करत होता? पाय टाकत होता, मॅडम. अजून? सायकलींची कुलपं ओढून बघत होता. अरे मग ते लिही! आणि कधीकधी ‘अजून?’ला उत्तरच नसतं. तो माणूस फक्त आपल्यातला वाटत नव्हता, एवढंच असतं.

हा खुळचटपणा फक्त रक्षकांचा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाआधी कॅम्पस बघायला दोन भाऊ आले होते, तिथल्या मूळनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) समाजातले. मार्गदर्शकासोबत फिरणाऱ्या त्याच गटातल्या एका पालकाला ते गप्प गप्प वाटले आणि तिनं पोलिसांना फोन लावला. पोलिसांनी दोघांना बाजूला घेतलं, मुलांनी नोंदणीचा ईमेल दाखवला, लगेच सोडलं. तोवर गट पुढे निघून गेला होता. मुलं तशीच घरी परतली. त्या फोनवर कंट्रोल रूममधल्या माणसानं ‘ते काय करतायत?’ एवढंच विचारून, उत्तर येईपर्यंत थांबून, आधी गटाच्या मार्गदर्शकाला गाठलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. तुमच्या कंट्रोल रूमच्या टेबलावर हा प्रश्न मोठ्या अक्षरात चिकटवा. फोन करणाऱ्याला रागावायचं नाही, त्याची भीती खरी असू शकते. पण वर्णन दिसण्याचं येत असेल तर पुन्हा विचारायचं, करतोय काय?

मग येतं रक्षकाचं पहिलं वाक्य. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाचा निम्मा भाग इथे आहे. ‘ए, कुठे चाललास?’ आणि ‘नमस्कार, कोणाकडे जायचंय तुम्हाला?’ या दोन्हींतून माहिती तीच मिळते. पहिल्यानं भांडण मिळतं, ते वेगळं. आमच्याकडे गेटवर ‘तू’ बंद आहे. अठरा वर्षांच्या पोरालाही ‘तुम्ही’. सुरुवातीला रक्षक हसले, मुलंही हसली. पण ज्याला खरंच रस्ता हवा असतो तो ‘कोणाकडे जायचंय’ ऐकून सुटकेचा श्वास टाकतो, आणि ज्याचं काम नसतं तो नाव सांगताना अडखळतो. हटकण्यापेक्षा मदत विचारण्यातून जास्त कळतं, हे गेटवरच्या जुन्या माणसांना ठाऊक असतं. ते लेखी कुठे नसतं, म्हणून नव्यांना मिळत नाही.

एकदा बाजूच्या गेटवर नवा रक्षक होता. सकाळी अकराच्या सुमारास एक वयस्क गृहस्थ आले, हातात कापडी पिशवी, पिशवीत परत करायची दोन पुस्तकं. रक्षक म्हणाला, ‘आजोबा, आयकार्ड नसेल तर सोडता येणार नाही.’ आवाज चढलेला नव्हता, नियमही बरोबर होता. त्या गृहस्थांनी आधी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही, मग पिशवी. शेवटी एक जुनी किल्ली निघाली, ती त्यांनी रक्षकापुढे धरली आणि लगेच परत खिशात टाकली. तीस वर्षं ते ज्या विभागात शिकवत होते तिथल्या खोलीची किल्ली होती ती. निवृत्त होताना द्यायची राहिली असावी. ते वाद न घालता मुख्य गेटानं माझ्या कार्यालयात आले. मला वाटलं आता तक्रार येणार. त्यांनी विचारलं, ‘कुठला फॉर्म भरायचा असतो?’

त्यांनी भरायचा असा फॉर्म नव्हताच. कर्मचारी, विद्यार्थी आणि ‘इतर’ असे तीनच रकाने आमच्याकडे होते. निवृत्त लोक, माजी विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे पालक, शेजारच्या वस्तीतून रोज फिरायला येणारे, बाहेरून ग्रंथालय वापरणारे संशोधक, सगळे ‘इतर’. तुमच्याकडेही एकदा बघा की ‘इतर’मध्ये कोणकोण बसलंय. ज्यांचं आवाराशी जुनं नातं आहे त्यांना कायमचं साधं कार्ड द्या. ते रोजच्या रांगेतून गेले की खऱ्या अनोळखी माणसाकडे बघायला रक्षकाला वेळ मिळतो.

तुमच्या फोटोशूटवाल्यांकडे येते. आमच्याकडेही जिन्याचाच त्रास होता. आधी बंदीचा फलक लावला. फलकासमोर उभं राहून फोटो निघाले. मग मीच एका फोटोग्राफरला विचारलं, हाच जिना का? तो म्हणाला, मागची भिंत स्वच्छ आहे, एकही वायर मध्ये येत नाही आणि संध्याकाळी उजेड समोरून पडतो. उत्तर इतकं सोपं होतं. जुन्या सभागृहाच्या मागे तशीच एक भिंत होती, फक्त तिच्यापुढे कचऱ्याचे डबे होते. डबे हलवले, दोन बाक टाकले, गेटवरच्या नकाशावर तिथे कॅमेऱ्याचं चिन्ह काढलं. जिन्यावर कोणी उभं राहिलंच तर रक्षक म्हणतो, ‘इथे वाट अडते, तिकडची जागा जास्त चांगली आहे, चला दाखवतो.’ दहातले आठ-नऊ जण जातात. उरलेल्या एकदोघांसाठी पुढची पायरी असते.

ती पुढची पायरी सगळ्या रक्षकांना पाठ असू द्या. आधी काय चुकतंय ते सांगायचं, मग कारण, मग पर्याय. तरी नाही ऐकलं तर ‘मी पाच मिनिटांत परत येतो’ म्हणून खरंच बाजूला व्हायचं. बहुतेक माणसं चारचौघांत माघार घेत नाहीत, एकटी असली की घेतात. परत येताना सोबत दुसरा रक्षक. मग बाहेर जाण्याची स्पष्ट विनंती, आणि तीही नाकारली तर पोलीस. या सगळ्यात अंगाला हात लावायचा नाही, घोळका करायचा नाही, त्या माणसाच्या आणि बाहेरच्या वाटेच्या मध्ये उभं राहायचं नाही. आणि फोन हिसकावून फोटो डिलीट करायला लावायचे नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण खिडकीतून शूटिंगच्या प्रकरणात तुमच्या माणसांना नेमका तोच मोह होईल. चित्रीकरण थांबवायला सांगा, नाव विचारा, नोंद करा, गरज वाटली तर पोलिसांकडे द्या. फोनला हात लावलात की तक्रारदार तो होतो आणि आरोपी तुम्ही.

पर्यटक मोठ्या संख्येनं येत असतील तर माणसांऐवजी वेळ बंद करा. केंब्रिजमधली बरीच कॉलेजं परीक्षेच्या दिवसांत पाहुण्यांना बंद असतात, एरवी ठरावीक वेळेत आणि ठरावीक वाटेनं सोडतात. चीनमधल्या वुहान विद्यापीठात चेरीच्या बहराच्या दिवसांत इतकी गर्दी लोटते की त्या हंगामापुरती आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. दोन्हीकडे नियम कॅलेंडरला बांधलेला आहे. परीक्षा आहे म्हणून बंद, हे कोणालाही पटतं. तुम्ही बाहेरचे म्हणून बंद, हे पटत नाही. गटानं येणाऱ्यांना गटप्रमुखाचं नाव आणि फोन आधी द्यायला लावा आणि लाउडस्पीकर बाहेरच ठेवायला सांगा. बाकी फार काही लागत नाही.

डिलिव्हरीवाले आणि टॅक्सी यांचा प्रश्न उगाच मोठा केला जातो. गेटच्या आत लगेच उतरवण्याची एक जागा, वर छप्पर, चांगला दिवा. वस्तू तिथे येते, घेणारा तिथे येतो. संपलं. हॉस्टेलच्या रस्त्यावरच्या रात्रीच्या गाड्याही निम्म्या यानंच जातील. उरलेल्यांसाठी दहानंतर बॅरिअर, पण ॲम्ब्युलन्स आणि बंब कुठून जाणार आणि त्या वेळी बॅरिअर कोण उचलणार, ते नावानिशी ठरवल्याशिवाय नाही.

सभा-संमेलनं आणि आंदोलनं यांवर थोडक्यातच लिहिते, कारण इथे निर्णय आपला नसतो आणि नसावा. बाहेरचा वक्ता कोण, घोषणा काय, हे रक्षकानं ठरवायचं नाही. सभागृहाची आसनक्षमता, दारं मोकळी आहेत का, कोणी कोणाला ढकलतंय का, एवढंच आपलं. ज्या दिवशी सुरक्षा विभाग मजकुरात शिरतो त्या दिवसापासून निम्मं कॅम्पस त्याच्याशी बोलणं बंद करतं, आणि मग भीती वाटणारी मुलगीही आपल्याकडे येत नाही.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण तुमच्याकडे नक्की असेल: गेटवरच्या टेबलावरचं ते उघडं रजिस्टर. नाव, मोबाइल नंबर, कोणाकडे, किती वाजता. मागचा माणूस सही करताना पुढच्या दहा जणांचे नंबर वाचतो. त्या रजिस्टरमधून नंबर घेऊन एका पाहुणीला मेसेज गेल्याचं माझ्याकडे उघडकीला आलं, तेव्हा ती चूक आमची होती, बाहेरच्याची नव्हे. दर माणसाला वेगळी चिठ्ठी द्या, ती पेटीत टाकायची. किती दिवस ठेवायच्या ते तुमच्या कायद्याप्रमाणे ठरवा आणि मुदत संपली की खरोखर नष्ट करा. कॅमेऱ्यांचंही तेच. कॅमेरा काय झालं ते नंतर सांगतो, होताना थांबवत नाही; फुटेज कोण बघू शकतं हे मात्र आजच ठरलं पाहिजे.

कोणाला बंदी घालावी लागली तर ती तोंडी कधीच नको. ‘परत दिसलास तर बघ’ ही बंदी नव्हे, धमकी झाली. कागदावर चार गोष्टी हव्यात: त्या माणसानं काय केलं, कुठल्या भागात यायचं नाही, कुठल्या तारखेपर्यंत, आणि हे अमान्य असेल तर दाद कोणाकडे मागायची. सही अधिकार असलेल्या माणसाची, रक्षकाची नाही. मुदत संपली की यादीतून नाव काढा. माझ्याआधीच्या यादीत अकरा वर्षांपूर्वीची नावं होती. त्यातला एकजण आता कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन होता आणि दर महिन्याला आमचेच दिवे बदलून जात होता.

तर सरसकट पासाचा निर्णय तूर्त लांबवा, तीन महिने मागून घ्या. पहिल्या आठवड्यात स्वतः चालत फिरा. एकदा पहिल्या तासाआधी, एकदा दुपारी तीनला, आणि एकदा ग्रंथालय बंद झाल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत. तो शेवटचा फेरा चुकवू नका. एकदम दोन-तीनशे मुलं बाहेर पडतात, पाच मिनिटांत पांगतात, आणि मग एखादी मुलगी अर्ध्या बंद दिव्यांच्या रस्त्यानं एकटी हॉस्टेलकडे निघते. गस्त त्या रस्त्यावर त्या वेळी असते का ते बघा. आमच्याकडे नसायची, कारण शिफ्ट नेमकी त्याच वेळी बदलायची. शिफ्टची वेळ अर्ध्या तासानं पुढे ढकलली, एक पैसाही लागला नाही.

सोबत गेल्या वर्षाच्या सगळ्या तक्रारी घ्या आणि प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिहा: गेटवर ओळखपत्र बघितलं असतं तर हे टळलं असतं का? होय की नाही. ‘होय’ जास्त निघाले तर मी चूक आहे, पास लावा, आणि मला कळवा. मी तीन आवारांत हे केलंय. ‘होय’ कधीच जास्त निघाले नाहीत, पण जे निघाले ते जवळजवळ सगळे रात्रीचे आणि वाहनांचे होते. म्हणून रात्री आणि वाहनांना मी गेटवर तपासते, दिवसा पायी येणाऱ्याला नाही.

आणि त्या माजी विद्यार्थ्याच्या पत्राला अजून उत्तर गेलं नसेल तर आजच पाठवा. छापील ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ नको. त्या दिवशी गेटवर कोण होता ते शोधा, त्याचीही बाजू ऐका. बारा तास उभा असलेला माणूस अकराव्या तासाला कसा बोलतो हे मला माहीत आहे. मग दोघांना चहाला एकत्र बोलवा, आणि विद्यार्थ्याला विचारा, गेटवर त्याच्याशी काय बोलायला हवं होतं. जे वाक्य तो सांगेल ते लिहून घ्या.